पंधरा हजारांचं माप

आईने उकळतं पाणी पातेल्याऐवजी स्वतःच्या पायावर ओतलं, तेव्हा मला कळलं की तिला दिसत नाही.

तोवर मला काय वाटत होतं, तर ती म्हातारी झाली, हळू झाली. आठवड्यातून एकदा मी आईबाबांकडे जेवायला जायचे. वाढताना ती वाटीच्या काठावर बोट टेकवून ठेवायची आणि बोटाला ओलं लागलं की हात थांबवायची. मी समोर बसून बघत होते आणि मला ती सवय वाटत होती. मी शाळांचे गणवेश कापते. चाळीस थर एकावर एक रचून एका दमात कापते, आणि सूतभर कापड सरकलं तरी मला कळतं. स्वतःची आई चाचपडत स्वयंपाक करतेय हे दोन वर्षं कळलं नाही. त्यामुळे पुढे ज्यांना ज्यांना शिव्या घातल्यात, त्यांच्या रांगेत पहिला नंबर माझा आहे, हे आधीच सांगून टाकते.

पायाला मलमपट्टी करून घेतली आणि तशीच तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आईचा उजवा डोळा लहानपणीच्या तापात गेलेला आहे. त्याने तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो. सगळा संसार तिने डाव्या डोळ्यावर केला. डॉक्टरीणबाईंनी त्या डाव्या डोळ्यात बॅटरी मारली, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, आणि माझ्याकडे असं बघितलं जणू मीच काहीतरी चोरलंय. मोतीबिंदू इतका जुना झालाय की फुगून त्याने डोळ्यातला दाब वाढवलाय, म्हणाल्या. दाबाने आतली नस मरते, मेलेली नस परत येत नाही. दहा दिवसांच्या आत ऑपरेशन. मग त्यांनी संगणकावर जुनी नोंद काढली. अडीच वर्षांपूर्वी आईला घेऊन बाबा इथेच आले होते. तेव्हा साधं ऑपरेशन होतं, अडतीस हजारांचं. आता अवघड झालंय, पंच्याण्णव हजार. शिवाय पुढे जन्मभर दाबाचे थेंब आणि तपासणी, महिन्याला तीन हजार धरा.

आई खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसली होती. म्हणाली, ‘‘एवढे कुठून आणायचे. राहू दे.’’

राहू दे. जणू साडी महाग निघाली.

घरी बाबांना सांगितलं. ते उठले, कपाटातून एक खाकी पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. पाकिटावर पेन्सिलीने तारखा होत्या, एकाखाली एक, सरळ रेषेत, एकतीस तारखा. प्रत्येकीपुढे दीड हजार. एकूण साडेसेहेचाळीस हजार.

माझे वडील अडीच वर्षं आईच्या डोळ्यासाठी पैसे साठवत होते. दर महिन्याला घरखर्चाच्या पंधरा हजारांतून दीड हजार बाजूला. आधी दूध अर्ध्यावर आलं. मग फळं बंद. मग त्यांची रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड. पंचवीस महिन्यांनी साडेसदतीस हजार जमले तेव्हा वरचे पाचशे खिशातले घालून ते दवाखान्यात विचारायला गेले, तर भाव सत्तेचाळीस झाला होता. परत आले आणि पुन्हा दीड-दीड हजार टाकायला लागले. सहा महिन्यांनी सत्तेचाळीसच्या जवळ पोचले, तर आता पंच्याण्णव. चालत्या गाडीमागे म्हाताऱ्याने पळावं, तसे ते एका भावामागे पळत होते, आणि कुणाला हाक मारत नव्हते.

मी म्हटलं, ‘‘निवृत्तीचे पैसे ठेवलेत त्या फंडातून काढा की मग.’’

‘‘त्याला हात लावायचा नाही.’’

‘‘किती आहेत त्यात?’’

बाबांनी पाकीट उचललं, कडा जुळवल्या आणि परत कपाटात ठेवलं.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते एका मोठ्या कारखान्यात चाळीस वर्षं तपासणी खात्यात होते. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग मापात आहे की नाही ते बघायचं, नसेल तर लाल रंग लावून फेकायचा. कामगार त्यांना मायक्रोमीटर म्हणायचे, तोंडावरसुद्धा. केसाच्या दहाव्या भागाएवढ्या फरकासाठी त्यांनी मालकाच्या मेहुण्याचा अख्खा ट्रक परत पाठवला होता. ती गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की मला त्या ट्रकचा रंगही पाठ आहे. त्यांचं तत्त्व एकच. भाग मापात बसत नसेल तर भाग घासायचा, माप घासायचं नाही.

निवृत्त झाले तेव्हा तीस लाख मिळाले. पेन्शन नाही. एका सल्लागाराने ते म्युच्युअल फंडात घातले आणि दर महिन्याच्या पाच तारखेला पंधरा हजार बँकेत येतील अशी सोय लावली. अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा पंधरा हजारांत दोघं नीट राहत होती, महिन्याला काही उरतही होतं. मग वर्षं गेली. दूध वाढलं, वीज वाढली, औषधं वाढली, घरपट्टी वाढली. पंधरा हजार तेवढेच राहिले. आणि बाबांनी काय केलं, तर भाग घासला. आईला आणि स्वतःला, दर वर्षी थोडं थोडं, पंधरा हजारांत बसेपर्यंत.

मी माझे देते म्हटलं, तर आईने आधी मला माझ्या मशिनच्या हप्त्याची आठवण करून दिली. खरं होतं. कापायचं मोठं मशिन मी चार महिन्यांपूर्वी कर्जावर घेतलंय, खात्यात सहा हजार होते. कुणाकडून उसने घेते म्हटलं, तर बाबा म्हणाले, या घरात उसनं आलेलं नाही. जेवढं येतं तेवढ्यात भागवायचं. इतक्या शांतपणे म्हणाले की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्या कपाटातली फंडाची फाईल उचलली आणि विचारायलाही थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कापायच्या टेबलावर ती फाईल उघडली. मी दहावीनंतर शिकले नाही. पण स्टेटमेंट म्हणजे काही वेद नाहीत. आलेले पैसे, गेलेले पैसे, उरलेले पैसे. शेवटच्या पानावर शेवटची ओळ वाचली आणि डबा तसाच राहिला.

पंचेचाळीस लाख ऐंशी हजार.

मी ती ओळ शेजारच्या मशिनवरच्या बाईला वाचायला लावली, मला शून्यं मोजता येत नाहीत की काय म्हणून. ती म्हणाली, अगं बाई, तुझे वडील तर शेठ निघाले.

मग मी खाकी कागद पसरला. आमच्याकडे त्यावर गणवेशाचे नमुने काढतात, मी त्यावर बाबांची अकरा वर्षं काढली. फंड वर्षाला सरासरी नऊ टक्क्यांनी वाढला होता. कधी बाजार पडला, कधी चढला, पण सरासरी नऊ. बाबांनी वर्षाला काढले एक लाख ऐंशी हजार, एक पैसा जास्त नाही. समजा, त्यांनी दर वर्षी ही रक्कम महागाईएवढी वाढवली असती. बारा-पंधरा वर्षं बाजारहाट करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, सहा-सात टक्के तर कुठे गेले नाहीत. म्हणजे पंधराचे पुढच्या वर्षी सोळा, मग सतरा, असं करत आज साधारण तीस हजार. तरीही, आज फंडात किती उरले असते? मी तीनदा आकडे मांडले. साडेपस्तीस लाख. सुरुवातीच्या तीस लाखांहून पाच जास्तच.

म्हणजे नीट खाऊन, नीट औषधं घेऊन, वेळेवर डोळा करूनही मुद्दल शाबूत राहिलं असतं. आज जास्तीचे जे दहा लाख त्या कागदावर चमकत होते, ते दहा लाख म्हणजे आईचं दूध होतं. फळं होती. बाबांच्या एक दिवसाआडच्या गोळ्या होत्या. नफा म्हणे.

मी कात्री बाजूला ठेवली आणि अर्ध्या दिवसाचं काम बुडवून सल्लागाराकडे गेले.

त्याचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. काचेचं दार, थंड हवा, भिंतीवर हसणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो, समुद्राकाठी, दोघांचे दात एकदम पांढरे. मी फाईल त्याच्या टेबलावर आपटली. तो चाळिशीचा, गुळगुळीत. ताई बसा, ताई पाणी घ्या. मी म्हटलं पाणी नको. मला हे सांग की म्हाताऱ्याला अकरा वर्षं एकाच रकमेवर का ठेवलंस. दर वर्षी वाढ करायची सोय असते, मी तुमच्या फंडवाल्यांना फोन करून विचारलंय. अर्ध्या पानाचा फॉर्म असतो. तो तू का भरून घेतला नाहीस? मग मी त्याला उत्तर द्यायची संधी न देता आणखी बरंच बोलले. चोर म्हटलं. आंधळ्या म्हातारीच्या जिवावर एसी लावतोस म्हटलं. बाहेर बसलेल्या मुलीने टायपिंग थांबवलं.

तो चिडला नाही. उठून लोखंडी कपाट उघडलं, एक पिवळी पडलेली फाईल काढली आणि मूळ फॉर्म माझ्यापुढे ठेवला. त्यात रकाना होता, ‘दरवर्षी करावयाची वाढ (टक्के)’. त्या रकान्यात सल्लागाराच्या अक्षरात ‘६’ लिहिलेलं होतं. आणि त्या सहावरून एक काट मारलेली होती. निळ्या शाईची, पट्टी लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका जाडीची. खाली बाबांची सही.

या जगात रकाना खोडायला खिशातून पट्टी काढणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा बाप आहे.

‘‘मी सांगितलं होतं काकांना,’’ सल्लागार म्हणाला. ‘‘ते म्हणाले, एकदा ठरलं की ठरलं.’’

मी तिथे खुर्चीवर बसले. आत्तापर्यंत उभी होते. पाणीही प्यायले. कामावरून निघाल्यापासून सगळा राग मी या माणसाच्या गळ्यात घालायला आणला होता, आणि तो आता परत माझ्या हातात आला होता, अजून गरम.

पण मग मला दुसरी गोष्ट सुचली, आणि मी ग्लास खाली ठेवला. मी विचारलं, ‘‘तू दर वर्षी घरी येतोस ना? जानेवारीत, कॅलेंडर घेऊन?’’ हो म्हणाला. ‘‘अकरा वेळा आलास. आईने चहा दिला असेल. तो दर वर्षी पातळ होत गेला ते तुला कळलं असेल.’’ तो टेबलावरचं पेन सरळ करू लागला. मी विचारलं की शिल्लक रकमेवर तुला वर्षाला किती मिळतात. त्याने सांगितलं नाही. मी सांगितलं, कारण तेही मी विचारलं होतं. शेकड्याला एक. पंचेचाळीस लाखांवर पंचेचाळीस हजार. म्हणजे ज्याचे पैसे, त्याला महिना पंधरा हजार. आणि ज्याने एकदा फॉर्म भरला, त्याला घरबसल्या पावणेचार हजार, आणि ते मात्र दर वर्षी वाढत गेले, कारण म्हातारा कमी खात होता. बाबांनी काट मारली, कबूल. पण दर जानेवारीत तो नवा फॉर्म आणू शकला असता. त्याने काय आणलं, तर रंगीत आलेख. काका, बघा किती वाढले.

‘‘ताई, मीही पोटासाठीच करतो,’’ तो म्हणाला.

‘‘सगळेच पोटासाठी करतात,’’ मी म्हटलं. ‘‘नवा फॉर्म दे. आणि एक लाख एकदम काढायचाही.’’

तो म्हणाला काकांची सही लागेल. मी स्टेटमेंटच्या वरच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. खातं दोघांच्या नावावर होतं. त्याखाली लिहिलं होतं, सही दोघांपैकी कोणाही एकाची. त्याने ते वाचलं, जणू पहिल्यांदाच, आणि म्हणाला, तसं आईंचीही चालेल, पण घरात उगाच वाद होतात. मी म्हटलं, आमच्या घरात अकरा वर्षं वाद झाला नाही, त्याचीच ही फळं आहेत.

वाटेत दादाला फोन लावला. दादा माझा थोरला भाऊ, दूरच्या शहरात मोठ्या पगारावर, आणि फंडात वारस म्हणून त्याचं नाव. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की ऑपरेशनचे पन्नास हजार मी पाठवतो, पुढच्या महिन्यात, पण मुद्दलाला हात लावू नका, ते बाबांनी म्हातारपणासाठी ठेवलंय. मी रस्त्यात थांबले. बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. मी त्याला विचारलं की म्हातारपण अजून कुठून यायचं राहिलंय, गाडी लेट आहे का. तो म्हणाला, तुझी भाषा. मी म्हटलं, डॉक्टरांनी दिलेल्यांतले आठ दिवस उरलेत, आणि तुझा पुढचा महिना बावीस दिवसांवर आहे. फोन ठेवला. त्याचा परत आला नाही.

घरी पोचले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. बाबा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते, शेजाऱ्यांचं, कालचं. आई आतल्या खोलीत पडली होती, पाय उशीवर. मी फॉर्म टेबलावर ठेवले आणि खाकी कागद उलगडला. सगळं मांडून दाखवलं. आता महिना तीस हजार घ्यायचे, दर वर्षी महागाईएवढे वाढवायचे, दोन वर्षांचा खर्च शेअर बाजारापासून लांब, सुरक्षित फंडात काढून ठेवायचा म्हणजे बाजार पडला तरी पडत्या भावात विकायला लागायचं नाही. फंड आठ टक्क्यांनीच वाढला असं धरलं तरी पंधरा वर्षं निघतात. तेव्हा तुम्ही ब्याण्णव, आई सत्त्याऐंशी.

बाबांनी माझे आकडे तपासले. खिशातली पेन्सिल काढून एका ठिकाणी वजाबाकी दुरुस्त केली, शंभर रुपयांची. मग विचारलं, ‘‘आणि सोळाव्या वर्षी?’’

‘‘सोळाव्या वर्षी माझ्याकडे या.’’

‘‘मुलीकडे,’’ ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र उचललं.

मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. मी म्हटलं, तुमच्या खात्यात मापंसुद्धा झिजायची ना. दर सहा महिन्यांनी तुम्ही स्वतः ती खोक्यात घालून तपासायला पाठवायचात. झिजलेल्या मापाने तपासलं तर चांगला माल भंगारात जातो, हे मला तुम्हीच शिकवलंत. हे पंधरा हजार अकरा वर्षांत झिजून निम्मे झाले. ते का नाही पाठवलंत तपासायला?

त्यांनी पेन्सिल कागदाच्या कडेला समांतर लावून ठेवली. वाटलं, लागलं कुठेतरी. मग म्हणाले, ‘‘तो माल कारखान्याचा होता. हे पैसे तिचे आहेत. आमच्या फोरमनने सगळे काढले आणि सहा वर्षांत संपवले. त्याच्या मागे त्याची बायको लोकांच्या घरी भांडी घासायला गेली, सत्तरीत. मी बघितलंय तिला. मी गेल्यावर हिला कुणापुढे हात पसरायला लागू नये. एवढंच बघितलं मी.’’

रागावलेल्या माणसाला समोरच्याने प्रेमाचं कारण दिलं की फार अडचण होते. राग कमी होत नाही, फक्त ठेवायला जागा सापडत नाही.

‘‘किती आहेत हो?’’

आई दारात उभी होती. चौकटीला धरून, भाजलेला पाय किंचित उचलून. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

बाबा म्हणाले, तू पड. तिने पुन्हा तेच विचारलं. माझ्या लक्षात आलं की तिला आकडा माहीत नाही. अकरा वर्षं तिला आकडा माहीतच नव्हता. बाबांनी तिला सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही, कारण तिला वाटत होतं, नाहीयेत म्हणूनच हे असं चाललंय.

‘‘पंचेचाळीस लाख ऐंशी हजार,’’ बाबा म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही, हीच तर गंमत आहे.

आई भिंतीवरून हात फिरवत खुर्चीपर्यंत आली आणि बसली. मग म्हणाली, ‘‘आपण पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा किती होते?’’

‘‘चाळीस लाख ऐंशी.’’

‘‘आणि डॉक्टर किती म्हणाल्या होत्या?’’

बाबांनी उत्तर दिलं नाही. तेवढं एकच उत्तर त्यांनी दिलं नाही.

‘‘अडतीस हजार,’’ आई म्हणाली. ‘‘मला आठवतंय. मी तेव्हापासून देवाला सांगत होते की एवढे जमू देत. मला वाटत होतं आपण गरीब आहोत.’’

‘‘माझ्यामागे तुला...’’

‘‘तुमच्यामागे मी आंधळी बसून ते मोजणार होते का?’’

आवाज चढला नव्हता. आईचा आवाज कधी चढत नाही. पण बाबा खुर्चीत मागे सरकले. ती पुढे म्हणाली की पाण्यात दूध घालून तुम्हाला चहा देत होते आणि स्वतः नुसतं पाणी उकळून पीत होते, पाच वर्षं, आणि तुम्हाला कळू नये म्हणून स्टीलचे कप घेतले. तुम्ही मला न सांगता गोळी सोडत होतात, मी तुम्हाला न सांगता चहा सोडत होते. कुणासाठी? त्या कागदासाठी?

मग तिने हात पुढे केला. माझ्या दिशेने नाही, थोडा बाजूला, जिथे मी असेन असं तिला वाटलं तिथे. ‘‘पेन दे. आणि बोट कुठे ठेवायचं ते दाखव.’’

मी तिचं बोट सहीच्या रेघेवर ठेवलं. तिने सही केली. लग्नाच्या कागदावर केली असेल तशी, पूर्ण नाव, प्रत्येक अक्षर सुटं. दुसऱ्या फॉर्मवर आधी मी रक्कम भरली. मी वाचून दाखवलं, महिना तीस हजार, आणि मग म्हटलं की आता वाढीचा रकाना, दर वर्षी किती टक्के. आई म्हणाली, तूच सांग. मी म्हटलं सात लिहू या.

‘‘साडेसहा,’’ बाबा म्हणाले.

आम्ही दोघी थांबलो. ते उठले, कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक लांबट वही काढली आणि टेबलावर उघडली. निवृत्तीच्या पहिल्या महिन्यापासून. दूध, साखर, तेल, वीज, गॅस, गोळ्या, न्हाव्याचे पैसे. दर महिन्याचा भाव, रकाने आखून, आणि वर्षाच्या शेवटी लाल शाईत टक्के. शेवटच्या पानावर अकरा वर्षांची सरासरी. साडेसहा. दोन दशांश स्थळांपर्यंत काढलेली.

म्हणजे त्यांना माहीत होतं. कुणी फसवलं नव्हतं, गणित चुकलं नव्हतं. महागाई किती वाढली हे या घरात कुणाला अचूक माहीत असेल तर त्यांनाच. ते दर वर्षी मोजत होते, लाल शाईत लिहीत होते, वही मिटत होते आणि एक घास कमी करत होते. ती वही उचलून खिडकीबाहेर फेकावी असं मला वाटलं. मी फेकली नाही, कारण आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘‘साडेसहा लिही. तेवढं तरी त्यांचं असू दे.’’

चौथ्या दिवशी बँकेत पैसे आले. आठव्या दिवशी ऑपरेशन झालं. बाबा दवाखान्यात आले, पण बाहेरच्या बाकावर बसले. दोन तास एका जागी, पिशवी मांडीवर धरून. मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी एकदा फक्त विचारलं की बिलात जेवण धरलंय का वेगळं आहे. मी उठून पाण्याच्या नळापाशी गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांसमोर पट्टी काढली आणि खरं ते सांगितलं. समोरचं नीट दिसेल. डावीकडच्या कडेची नस दाबाने गेली, ती गेली. त्या बाजूचं बघायचं तर पूर्ण मान वळवावी लागेल, रस्ता ओलांडताना कुणीतरी सोबत हवं. अडीच वर्षांपूर्वी केलं असतं तर हे झालं नसतं. बाबांकडे बघून म्हणाल्या त्या हे. बाबांनी मान हलवली, तपासणीचा अहवाल स्वीकारावा तशी. मला वाटलं होतं ते रडतील. नाही रडले. रडले असते तर मी माफ केलं असतं की काय, मला माहीत नाही.

महिन्याभराने, पहिले तीस हजार आले त्या आठवड्यात, आई म्हणाली मला बाजारात जायचंय. अडीच वर्षं ती दवाखाना सोडला तर घराबाहेर पडली नव्हती, सगळं बाबाच आणायचे. मी तिच्या डाव्या बाजूने चालले, बाबा चार पावलं मागे. ती प्रत्येक दुकानापुढे थांबली आणि भावाच्या पाट्या मोठ्याने वाचल्या. एकेक आकडा. मग मान वळवून मागे बघायची, बाबांकडे, आणि पुढे चालायची. तिसऱ्या-चौथ्या दुकानापर्यंत बाबा खाली बघायला लागले होते.

कापडाच्या दुकानासमोर ती पुन्हा मागे वळली आणि या वेळी वळलेलीच राहिली. दुपारचं लख्ख ऊन होतं. बाबा त्या उन्हात उभे होते, आणि ती त्यांना पायापासून वरपर्यंत बघत होती. मीही बघितलं, आणि मला पुन्हा स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली. सदऱ्याची कॉलर उलटी करून शिवलेली होती, आणि उलटी केलेली बाजूही आता फाटली होती. खांद्यावरची शिवण दंडापर्यंत उतरली होती, कारण आतला माणूस कमी झाला होता. मी वीस वर्षं कपडे कापते.

‘‘कधी एवढे वाळलात?’’ आईने विचारलं. बाबा म्हणाले, वयच आहे. तिने माझा हात सोडला, एकटीने दोन पायऱ्या चढून दुकानात गेली, आणि दुकानदाराला म्हणाली की यांच्या मापाचे चार सदरे दाखवा. जुनं माप धरू नका, आत्ताचं घ्या.

दुकानदाराने टेप काढली. बाबांनी हात वर केले, निमूटपणे, आणि ते टेपचे आकडे उलटे वाचत होते हे मला दिसलं. मग त्यांचा हात सवयीने पुढे आला आणि त्यांनी एका सदऱ्याच्या बाहीला लटकलेली चिठ्ठी चिमटीत धरली.

आईने मान पूर्ण वळवली, त्यांच्या बोटांतून ती चिठ्ठी काढून घेतली, आणि दुकानदाराला म्हणाली, ‘‘किंमत मला सांगा. यांना सांगू नका.’’